मीठ न घालायचं पाणी

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी कीव येईल. मी केमिस्ट आहे. खोपोलीच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये बावीस वर्षं पाणी आणि आम्लं तपासतोय. आमच्या घरात दृष्ट काढायची असली तर बायको ती मी ड्यूटीवर गेल्यावर काढते, कारण माझ्यासमोर काढली की मी मोहरी का तडतडते याचं कारण सांगत बसतो. या सदरातले अनुभव मी आजवर हसायलाच वाचले. "गाडी बंद पडली आणि पांढऱ्या साडीतली बाई दिसली..." अरे बाबांनो, बॅटरी तपासा ना! तेव्हा मीच इथे लिहितोय हे कळल्यावर लॅबमधले मित्र माझं काय करतील ते करोत.

खालापूरला आमचा फ्लॅट आहे. हॉलमध्ये टीव्हीच्या जागी चार फुटांची समुद्री टाकी होती. मासे थोडेच, मुख्य म्हणजे कोरल — आपल्या भाषेत पोवळी. सगळी टाकीतच वाढवलेली, ओळखीच्या शौकिनांकडून एकेक तुकडा घेऊन. झुलणारी मऊसुद्धा आणि दगडासारखा सांगाडा करणारी कडकसुद्धा, दोन्ही एकाच पाण्यात. हे जमवणं म्हणजे सासू, सून आणि चार जावा एका ओट्यावर! एकाला प्रवाह जोरात हवा, दुसऱ्याला मंद. जवळ आले की एकमेकांना डंख मारतात. सहा वर्षं मी त्यांच्यात वीत-वीत अंतर ठेवून, रोज क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी, मोजून ती जगवली होती. मुंबई-पुण्याहून लोक बघायला यायचे. मूल नाही आम्हाला. खोटं कशाला बोलू, तो सगळा जीव मी तिथे लावला होता.

अशा टाकीत दर रविवारी थोडं पाणी बदलावं लागतं. आधी पाणी अगदी कोरं करायचं, क्षाराचा कण नको, आणि मग त्यात समुद्री मिठाचं मिश्रण मापून घालायचं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की दोन वर्षांत फिल्टरचा पडदा बसला. नवा मागवला तो येईना. मे महिना तोंडावर, आणि माझा जीव टांगणीला.

त्याच आठवड्यात कंपनीने मला वाड्यांवरच्या पाण्याचे नमुने घ्यायला पाठवलं. कुंभिवलीच्या मागे डोंगराच्या पायथ्याला एक ठाकरवाडी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच गाड्या घेऊन जाल. तीसेक घरं. वाडीच्या वर, दहा मिनिटांच्या चढावर, कातळात एक कुंड. शेंदूर नाही, झेंडा नाही, नुसता दगडातला खळगा आणि बारा महिने झिरपणारं पाणी. मी मीटर बुडवला. क्षार सहा. आमच्या बोअरच्या पाण्यात सहाशे असतात; मला वाटलं मीटर बिघडला. दुसरा लावला, तोही सहा. डोंगरातून आलेलं पाणी इतकं कोरं असत नाही हो... पण मी कारण शोधलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे टाकी होती.

कुंडावर जानीबाई होती. साठीची, काटक, वाडीतल्या पाण्याचं सगळं तीच बघायची. मी विचारलं, "मावशी, दोन कॅन नेऊ का?"

"न्या की. पान्याला कोन नाय म्हनतं?" मग माझ्या कॅनला हात लावून म्हणाली, "पर यात मीठ नाय घालायचं."

"का हो?"

"आमी नाय घालत. भात-कालवन खालच्या विहिरीच्या पान्यात. ह्ये नुसतं प्यायाचं. माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं."

"घातलं तर काय होतं?"

"कुनी घातलंच नाय तर काय सांगू? तुमी शिकलेलं लई इच्यारता बगा!" असं म्हणून ती हसली. मीही हसलो आणि "नाही घालत" म्हणून कॅन भरले.

रविवारी दुपारी त्याच पाण्यात मी दीड किलो मीठ घातलं. मनाची समजूतही काढली: हे काही खायचं मीठ नव्हे, यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

आणि काय सांगू, टाकी बहरली! आठ दिवसांत पोवळ्यांना नवी टोकं फुटली, निळी, जांभळी, शेवाळी हिरवी. मी पुढचे तीन रविवार तेच पाणी आणलं. डंख मारणारी दोन जातींची पोवळी वाढत-वाढत एकमेकांना भिडली, आणि काही झालं नाही. एकमेकांत हात घालून बसल्यासारखी राहिली. मी फोटो टाकले, लोकांनी वाहवा केली. पण दोन गोष्टींचा हिशेब लागेना.

एक — मे महिन्यात टाकीतलं दोन-तीन लिटर पाणी रोज उडून जातं. ते भरून काढायला बाजूला डबा ठेवलेला असतो. तो डबा भरलेलाच राहायला लागला. पाणी उडत होतं, काचेवर वाफ दिसत होती, पण पातळी केसभर उतरत नव्हती.

दुसरी गोष्ट बायकोने दाखवली. सुजाता म्हणाली, "अहो, ही सगळी तिकडे का वाकलीत?" पंप डावीकडून उजवीकडे पाणी ढकलतो. पोवळ्यांचे मऊ हात प्रवाहाबरोबर उजवीकडे झुकायला हवेत. ते सगळेच्या सगळे डावीकडे ताणले होते, प्रवाहाच्या विरुद्ध. मी पंप फिरवला. ते तिकडेच. डावीकडे आमची खिडकी, आणि खिडकीत कुंभिवलीच्या बाजूचा डोंगर.

पाचव्या रविवारी सकाळी कॅन घेऊन वाडीवर गेलो तर बायका रिकाम्या हंड्यांपाशी बसलेल्या. जानीबाईची सहा वर्षांची नात, पदी, ओसरीवर पडली होती. दोन दिवस उलट्या, ओठ फुटलेले. बाप तिला मोटारसायकलवरून दवाखान्यात न्यायच्या तयारीत होता.

"पानी खारं झालंय," जानीबाई म्हणाली. "पयल्यानं जरासं लागायचं. पोरीला म्हनलं पी, काय नाय होत. मीच पाजलं गं बाई तिला..." मग माझ्याकडे वळली. "तुमी मीठ तर नाय घातलं?"

"नाही," मी म्हणालो. पटकन. विचारही न करता.

खालच्या विहिरीने त्याच आठवड्यात तळ गाठला होता. वाडीला आता कुंडाशिवाय थेंब नव्हता. मी वर गेलो. गाडीत खारेपणा मोजायचं यंत्र होतंच. कुंडातला एक थेंब काचेवर टाकला, उजेडाकडे धरला. एक पॉइंट शून्य दोन सहा. भर समुद्राचा आकडा. आणि माझ्या टाकीचा, त्याच सकाळी घेतलेला. बाटली भरून घरी आणली, क्षारता, कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासलं. तिन्ही आकडे टाकीच्या आकड्यांशी दशांशापर्यंत जुळले.

तरी आतला केमिस्ट मरेना! योगायोग, यंत्राचा दोष, कोणीतरी खोडसाळपणा केला असेल... सोमवारी रजा टाकली. खायचा सोडा भट्टीत भाजून टाकीत घातला आणि क्षारता मुद्दाम अर्ध्या अंशाने चढवली. मग तडक वाडी गाठली. कुंडाची क्षारता अर्ध्या अंशाने चढली होती. आणि कातळाला, पाण्याच्या रेषेखाली, गुलाबी-जांभळे डाग धरले होते. समुद्रातल्या दगडांवर एका शेवाळाचे असे डाग धरतात. माझ्या टाकीत ते यायला वर्ष लागलं होतं.

घरी येऊन सुजाताला सगळं सांगितलं. ती एक वाक्य बोलली, "पोर बरी आहे का, ते विचारलंत?" मी विचारलं नव्हतं.

मंगळवारी जानीबाईपुढे उभा राहिलो आणि कबूल केलं. वाटलं, शिव्या घालील, माणसं बोलावील. तिने डोक्यावरचा रिकामा हंडा उतरवून खाली ठेवला.

"मंग काढा," ती म्हणाली.

"मावशी, एकदा विरघळलेलं मीठ असं काढता येत नाही—"

"घालाया आलं तवा?" तिचा आवाज चढला. "पोर सलाईनवर हाय माझी! तुमास्नी मासं खेळवाया पानी दिलं, ते आमी नाय म्हनलो नाय. एक गोष्ट सांगितली व्हती, एकच!"

मी गाडीकडे वळलो.

त्या दुपारी मी टाकी मोडली. पोवळी कोणाला देऊन टाकता आली असती, चार फोन केले असते तर धावत आले असते. पण त्या पाण्याचा एक थेंब दुसऱ्याच्या घरात जायला नको होता. पाइप लावला आणि सहा वर्षं गटारात सोडली. पाणी उतरत गेलं तशी ती एकेक उघडी पडत गेली. शेवटी तळाला बोटभर पाणी उरलं, तेवढ्यातही जी जिवंत होती ती खिडकीकडे ताणलेली होती. मी हॉलमध्ये जमिनीवर बसून रडलो. सुजाताने पडदा ओढून घेतला.

बुधवारी कुंडावर गेलो. कुंड कोरडं ठणठणीत. ओलसुद्धा नाही, फक्त कातळावर मिठाचा पांढरा थर. म्हणजे खारं होतं तेही गेलं! त्यानंतर महिनाभर मी आणि पदीचा बाप टेंपोतून पिण्याच्या पाण्याचे कॅन वाडीवर पोचवत होतो. नवा फिल्टर आला होता, तो दिवसभर त्यासाठीच चालायचा. पदी बरी झाली. माझ्या कॅनला मात्र ती हात लावायची नाही. आजीने ओतून दिलं तरच प्यायची.

जून संपता-संपता निरोप आला की कुंड भरलं. मीटर घेऊन पळालो. क्षार सहा. नमुना लॅबमध्ये नेला, क्लोराइड जवळपास शून्य. डाग गेले होते, पांढरा थर गेला होता. वाडीतल्या बायकांनी ओंजळीने प्यायलं. सुजाता सोबत होती, तीही प्यायली. म्हणाली, "किती गोड आहे हो!"

जानीबाईने तांब्या भरून माझ्यापुढे धरला. मी तोंडाला लावला.

खारट. जीभ आकसली, घशाला आग लागली, डोळ्यांत पाणी आलं. भर समुद्रात तोंड उघडावं तसं. माझ्या शेजारी पदी त्याच कुंडातलं पाणी घटाघटा पीत होती.

त्यानंतर मी घसा दाखवला, जीभ दाखवली, सगळं ठीक आहे म्हणतात. घरचं पाणी गोड लागतं, लॅबचं लागतं, रस्त्यावरच्या टपरीचं लागतं. एवढं एकच लागत नाही. याचं कारण मला माहीत नाही, आणि तुमच्यापैकी कोणी सांगणार असेल तर कृपया मला रसायनशास्त्र शिकवू नका, तेवढं मला येतं.

महिन्यातून एकदा नमुना घ्यायला मी अजून वाडीवर जातो. नमुना नेहमी चांगलाच येतो. जानीबाई आली की तांब्या पुढे करते. पाहुण्याला पाणी द्यायचं, ते ती कधी चुकवत नाही. मी नाही म्हणू शकत नाही. शेवटच्या थेंबापर्यंत गिळतो.

"गोड हाय ना, दादा?"

"गोड आहे, मावशी."

ती माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघते. मग खाली वाकते आणि तांब्या पुन्हा भरते.