दादांची सुट्टी

लांबच्या लांब मोटारसायकल चालवत जाणारी माणसं हल्ली कॅमेऱ्यासमोर जे बोलतात ते ऐकलं की माझं डोकं सणकतं. म्हणे रस्ता माणसाची स्वतःशी गाठ घालून देतो. म्हणे वाऱ्यात अहंकार उडून जातो. आमच्या नांदेडच्या ग्रुपमधल्या एकाने मागच्या फेरीत मला माईक लावून विचारलं, मॅडम, या वयात तुम्ही एवढ्या लांब कशासाठी जाता? त्याला काहीतरी गोड हवं होतं. मी म्हटलं, राग येतो म्हणून जाते. त्याने तेवढा भाग कापला आणि माझा कुठलातरी हसरा फोटो लावून खाली 'मुक्त पाखरू' असं लिहिलं. पाखरू म्हणे. माझं वजन बघून तरी लिहायचं.

न कापता ऐकणारं कोणी असेल तर सांगते. हे वेड मुळात माझं नाही, वडिलांचं. त्यांना आम्ही दादा म्हणायचो.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. भाड्याच्या खोल्यांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या आणि जो तो 'आता आपला जिल्हा' म्हणत छाती काढून फिरत होता. दादा त्या नव्या जिल्ह्यात हापसे दुरुस्त करायचे. जिल्हा नवा असला तरी दुष्काळ जुनाच होता, त्यामुळे त्यांच्या कामाला तोटा नव्हता. जमिनीतलं पाणी खाली गेलं की हापशाचा दांडा हलका लागायला लागतो आणि नुसती हवा येते. मग कुठे वायसर बदला, कुठे पाईप वाढवा, कुठे तुटलेली साखळी जोडा. उन्हाळ्यात दादांचे तळहात ग्रीसने काळे असायचे, ते साबणाने निघायचे नाहीत.

त्यांची फटफटी उदगीरच्या एका अडत्याकडून जुनी घेतलेली होती. आठवडाभर कामासाठी तिच्यावर उन्हात फिरलेला माणूस रविवारी तरी घरी लवंडेल की नाही? पण दादा रविवारी पहाटेच उठून गाडी पुसायचे आणि निघायचे. देगलूर, बिदरची बाजू, कधी परभणीच्याही पुढे. जिथे जायचे तिथे किल्ला बघायचे नाहीत, बाजार करायचे नाहीत, पाहुण्यांकडे उतरायचे नाहीत. कुठल्यातरी हॉटेलात चहा प्यायचे, अनोळखी माणसांशी तासभर बोलायचे आणि परत यायचे. आई चिडायची. "एवढं पेट्रोल जाळून निस्ता च्या पिऊन येतंय माणूस," असं ती शेजारणीला सांगायची. लांबच्या फेरीवर दादा कोणालाच सोबत नेत नसत, मला तर मुळीच नाही. मी फक्त मेच्या सुट्टीत जवळपासच्या कामावर मागे बसून जायचे, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन.

त्या कामांत कधीकधी आमचं स्वतःचं गावही यायचं. ते रेणापूरच्या बाजूला आहे; आम्ही राहायचो लातूरला, भाऊबंद मात्र तिथेच होते. गावाची वेस दिसायला लागली की दादा बटण बंद करायचे, मला उतरवायचे, स्वतः उतरायचे आणि गाडी ढकलत चालायला लागायचे. वेस, पार, पारासमोरचं मोठं घर, मग चढ आणि चढाच्या पलीकडे आमची वस्ती. एवढं अंतर ती जड गाडी धुळीतून ढकलत न्यायची. मी विचारलं तेव्हा म्हणाले, इंजिन तापलंय. मी दोन उन्हाळे ते खरं मानलं. लातूरपासून इथवर न तापलेलं इंजिन बरोबर आमच्याच वेशीत कसं तापतं, हे डोक्यात यायला मला अकरावं वर्ष लागलं.

पारावरचं कोणी ना कोणी हटकून विचारायचं, "काय रं, बिघडली का?" आणि दादा मान हलवून हसायचे, "हाव, बिघडली." विचारणाऱ्यालाही माहीत असायचं आणि सांगणाऱ्यालाही. आम्ही धम्म घेऊन पंचवीस-तीस वर्षं होत आली होती, दादांच्या खिशात सरकारी नोकरीचं ओळखपत्र होतं, आणि तरी पाराजवळून आमच्या माणसाने गाडीवर बसून जायचं नाही हे कुठेही न लिहिता सगळ्यांना पाठ होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पारावरच्या माणसांपेक्षा मला दादांच्या त्या हसण्याचा राग जास्त यायचा. एकदा, फक्त एकदा त्यांनी गाडीवर बसून तिथून जावं, एवढं एकच मला हवं होतं. रात्री झोपताना मी तेच चित्र डोळ्यांसमोर आणायचे.

त्या उन्हाळ्यात गावातला एकुलता एक चालू हापसाही बंद पडला. तो पारासमोरच होता. विहिरी कधीच्याच आटल्या होत्या, बायका दोन-दोन कोस जात होत्या. निरोप आला तसे दादा सकाळी सातला मला घेऊन निघाले. वेशीत उतरले, गाडी ढकलली, बिघडली का, हाव बिघडली, हे सगळं झालं. मग काम सुरू झालं.

हापशाचे पाईप वर ओढायचे तर एकट्या माणसाचं काम नाही. चार-पाच जणांना एकदम जोर लावावा लागतो, आणि एक पाईप वर आला की खालचा पकडून ठेवावा लागतो, नाहीतर सगळं बोअरमध्ये जातं. तेव्हा पारावरची माणसं उठून आली. मोठ्या घरातले दोघे भाऊही आले. एकाच पाईपावर दादांचे हात आणि त्यांचे हात, अगदी बोटाला बोट लागून. दादा 'हं' म्हणाले की सगळे ओढायचे, 'बास' म्हणाले की थांबायचे. दोन-अडीच तास ते सगळे दादांच्या शब्दावर हलत होते. घाम एकमेकांच्या अंगावर पडत होता. मला वाटलं, झालं, संपलं ते सगळं. मी खुळी.

वायसर बदललं, पाईप पुन्हा सोडले, दादांनी दांडा मारायला घेतला. बराच वेळ नुसती खरखर. मग तांबूस, मग स्वच्छ पाणी आलं. रांगेतल्या बायका हसल्या. दादा बाजूला सरून हत्यारं गोळा करायला लागले. तेवढ्यात मोठ्या घरातली सासू पुढे आली. तिने सुनेला दांडा मारायला लावून दोन घागरी भरल्या आणि त्या दोन्ही हापशावर ओतल्या. आधी दांड्यावर, मग तोटीवर, मग दादा ज्या ओट्यावर उभे होते त्याच्यावर. चिडून नव्हे, शिवी देऊन नव्हे. चहाच्या आधी कप विसळावा इतक्या सहज. ते पाणी धुळीत जिरताना मी बघत होते. आमच्या वस्तीवर तेव्हा एका घराला दिवसाकाठी दोन घागरी मिळायची मारामार होती.

दादांनी फडक्याला हात पुसले, पिशवीचं तोंड बांधलं, ती माझ्याकडे दिली आणि गाडी स्टँडवरून काढली. मग मला म्हणाले, "बस." मला आधी कळलंच नाही. तेही बसले. पारावरून नेहमीचा माणूस म्हणाला, "आज बिघडली न्हाई का?"

"आज नीट हाय," दादा म्हणाले आणि किक मारली.

पारासमोरून, मोठ्या घरासमोरून, त्या माणसांच्या नाकावर टिच्चून आम्ही वेशीबाहेर पडलो. कोणी अडवलं नाही. कोणाला काय करावं हेच सुचलं नसणार. मी पिशवी घट्ट धरली होती आणि माझे दात आपोआप दिसत होते.

फाट्यावर दादांनी लातूरकडे वळायच्या ऐवजी अहमदपूरचा रस्ता धरला. मी विचारलं तर म्हणाले, आत्याकडे, किनवटला. आत्या तिथल्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. म्हणजे अख्खं नांदेड ओलांडून पार जंगलापर्यंत. घरी आईला पत्ता नाही, अंगावर बदलायला कपडे नाहीत. अहमदपूरला ओळखीच्या एका कंडक्टरजवळ त्यांनी आईसाठी निरोप दिला, तो तिला दुसऱ्या दिवशी मिळाला. त्यावरून पुढे घरात जे झालं ते वेगळंच.

पण त्या दिवशीचं सांगते. लोहा गेलं, नांदेडचा पूल गेला, ऊन डोक्यावरून पाठीवर आलं. सीट तापून मांड्या भाजत होत्या, तोंडात धूळ करकरत होती, आणि मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते. माझ्या दादांनी करून दाखवलं होतं. मी मागून त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि ती मला भिंतीएवढी वाटत होती. भोकर मागे पडल्यावर दादा गाणं गुणगुणायला लागले. मी त्यांना गाताना त्याआधी ऐकलेलं नव्हतं.

पुढे सागाची झाडं सुरू झाली तिथे एक झोपडीवजा हॉटेल लागलं. मालक अघळपघळ माणूस होता. त्याने बाज टाकून दिली, आम्हाला माठातलं पाणी दिलं, काचेच्या गिलासांत चहा दिला. दादा बाजेवर पाय पसरून बसले आणि बोलायला लागले. पाऊस, ज्वारीचा भाव, नवा जिल्हा, गाड्यांची इंजिनं. ते मोठ्याने हसत होते, हातवारे करत होते, मालकाच्या मांडीवर थाप मारत होते. घरी चार वाक्यांत दिवस काढणारा माणूस. रविवारचे दादा हे असे असतात, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मग मालकाने विचारलं, "आडनाव काय म्हणलात?"

म्हटलं तर काहीच विचारलं नव्हतं त्याने. आपल्याकडे पाण्याच्या पाठोपाठ हाच प्रश्न येतो. दादांनी आडनाव सांगितलं. ते आमचं नव्हतं. ते पारासमोरच्या मोठ्या घराचं होतं, जिथल्या बाईने सकाळी हापसा धुतला होता त्या घराचं. न अडखळता, सवयीने सांगितलं. मालक म्हणाला, तरीच, बोलण्यावरूनच कळतं मोठ्या घरचं माणूस. दादांनी मान डोलावली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "न्हाई. ते आमचं न्हाई." आणि आमचं खरं आडनाव सांगितलं. शाळेत हजेरीला सांगतात तसं, पूर्ण, मोठ्याने. वर गाव सांगितलं आणि आम्ही वस्तीवरचे आहोत हेही सांगितलं.

मालकाने माझ्याकडे बघितलंच नाही, दादांकडे बघितलं. मग उठला, भट्टीपाशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "गिलास तेवढे इसळून ठिवा." आवाज चढवला नाही. दादा उठले. दोन्ही गिलास, माझासुद्धा, त्यांनी बादलीपाशी बसून धुतले आणि पालथे घातले. तेच काळे हात. मग पैसे ठेवले आणि गाडीकडे चालू लागले.

किनवटला पोचेपर्यंत त्यांनी गाडी कुठेच थांबवली नाही. आत्याच्या दारात उतरल्यावर मला म्हणाले, "तुला आणाया नको होतं." त्यानंतर त्यांनी मला परत कधी गाडीवर मागे बसवलं नाही, कामावरसुद्धा नाही. रविवारी मात्र ते जात राहिले, आणखी लांब, एकटे.

मी वर्षानुवर्षं त्यांच्यावर रागावून होते. ज्या घराने आपला स्पर्श पाण्याने धुऊन काढला त्याच घराचं नाव लावून चहा प्यायचा, हे मला पचत नव्हतं. कमावती झाल्यावर मी पहिल्यांदा गाडी घेतली ती या रागातून. ज्या हॉटेलात थांबेन तिथे विचारायच्या आधी मी आडनाव सांगते. काही ठिकाणी चेहरे बदलतात, अजूनही बदलतात. मग मी दुसरा चहा मागते आणि तो सावकाश पिते.

दादा शेवटच्या वर्षी नांदेडला माझ्याकडे होते. एका दुपारी मी उकरून काढलंच. म्हटलं, सकाळी एवढी हिंमत केलीत आणि संध्याकाळी नाव बदललंत, का? मला वाटलं, आठवत नाही म्हणतील.

ते म्हणाले, "वेशीतून गाडीवर गेलो, तेचं वस्तीला काय भोगाया लागलं तुला ठाव हाय का? पंधरा दिस त्या हापशाचं पाणी दिलं न्हाई. मी मोठ्या घरी जाऊन पाया पडलो, तवा दिलं. लोकं नोकरीतून सुट्टी घेतेत. मी नावातून घ्यायचो. रविवार तेवढा."

पाया पडल्याचं मला त्या दिवसापर्यंत कोणीच सांगितलेलं नव्हतं. मी आतून पेटले होते आणि कोणावर पेटावं ते समजत नव्हतं. मी म्हटलं, दादा, आजही कोणी विचारलं तर मी तेच सांगेन.

"सांग की," ते म्हणाले. "पर त्या दिशी माझा च्या अर्धा राहिला व्हता."

मला तो गिलास आठवत होता. त्यात चहा होता. त्यांनी तो ओतून देऊन मग धुतला होता.