घरमालकांच्या पट्टीतली खोट

संगणकाच्या पडद्यावर अगदी तळाशी एक अरुंद पट्टी असते. डावीकडे बटण, उजवीकडे घड्याळ, मध्ये उघडलेल्या कामांची नावं. टास्कबार म्हणतात तिला, आणि तिच्याकडे मुद्दाम कुणी पाहत नाही. पण अख्ख्या वऱ्हाडात एक माणूस असा होता की त्याने घरात संगणक ठेवला तोच मुळी या पट्टीसाठी. वरचा एवढा मोठा पडदा त्याने केवळ, पट्टीला वर काहीतरी आधार हवा म्हणून खपवून घेतला होता. हा माणूस म्हणजे अकोल्यातले माझे घरमालक. मी त्यांच्या वरच्या खोलीत चार वर्षं राहिलो, एका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवत होतो, आणि त्यांना काका म्हणत होतो.

काका तीस वर्षं एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. शेतकऱ्याची कापसाची गाडी आली की तिची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. वरचा कापूस ते पाहतच नसत. बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालायचे, मधला पुंजका काढायचे, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून धागा ओढायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "वरून समदाच कापूस पांढरा दिसते," ते मला सांगत, "मधातून पाह्यलं का खरं समजते." पण मी गेलो तेव्हा कापसाचे दिवस वाईट होते. जिनिंग बंद पडलं होतं, ज्या रस्त्यावर हंगामात गाड्यांची रांग नाक्यापर्यंत जायची तिथे पोरं क्रिकेट खेळत होती. मालकाने निरोप देताना ऑफिसातला संगणक काकांच्या घरी पाठवून दिला. काकांनी आठवडाभर त्याला नुसता पुसला. मग कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीत त्यांना एक सॉफ्टवेअर सापडलं, जे टास्कबारला रंग देई, नक्षी देई, जाड-बारीक करी. इथून पुढे त्या घराचं काही खरं राहिलं नाही.

काकांनी पट्टीला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, पानाचा हिरवा रंग दिला, बटणाच्या जागी उमललेलं बोंड बसवलं, घड्याळाचे आकडे मराठी केले. देखणी दिसे, खोटं कशाला बोलू. पण ते सॉफ्टवेअर महाखोडकर. कधी पट्टी उठून पडद्याच्या डोक्यावर जाऊन बसे. कधी दुप्पट जाड होई. एकदा घड्याळाचा उजवा अर्धा भाग गायब झाला आणि आठ दिवस त्या घरात 'बारा वाजून काहीतरी' अशा वेळा सांगितल्या गेल्या. सगळ्यात वाईट म्हणजे भारनियमन. रोज लाईट जायची, आणि परत आली की पट्टी सगळा साजशृंगार विसरून मूळच्या करड्या रंगात उभी. काका पुन्हा पहिल्यापासून तिला नटवायला बसत. काकू म्हणायच्या, "माह्या पोरीच्या लग्नात पोरीले इतकं नाई सजवलं यायनं." काकांच्या कानावर ते जात नसे, कारण कान पंख्याच्या आवाजाकडे असे. मशीन गरम झालं की पंख्याचा आवाज बदलतो आणि मग पट्टी बिघडते, असा त्यांचा सिद्धांत होता.

बिघाड शोधण्याची त्यांची रीत ग्रेडरचीच. क्लासमध्ये आम्ही पोरांना वरून खाली एकेक गोष्ट तपासायला शिकवत होतो, काका थेट मधात हात घालत. पट्टीवर बारा सजावटी असल्या तर सहा काढून टाकायच्या. खोट राहिली तर ती उरलेल्या सहांत, गेली तर काढलेल्या सहांत. मग त्या सहांचे पुन्हा तीन-तीन. माझ्या पगारी ज्ञानाला जे तासाभरात जमत नसे ते त्यांना चार फेऱ्यांत जमे. शिवाय जिनिंगचं एक कोरं रजिस्टर त्यांच्याकडे उरलं होतं, त्यात प्रत्येक बिघाडाची प्रत लिहिलेली. रोज ठरलेल्या जागी ठरल्यासारखा होणारा बिघाड म्हणजे सुपर, पहिल्या प्रतीचा. तो पकडता येतो. आणि मनात येईल तेव्हा होणारा, तुम्ही पाहायला बसलात की गुपचूप राहणारा, तो कवडी, म्हणजे किडीने डागलेल्या कापसाच्या लायनीतला. सॉफ्टवेअर करणाऱ्या परदेशी कंपनीला त्यांनी एकदा माझ्याकडून इंग्रजीत पत्रही लिहवून घेतलं. संगणक बंद करून पुन्हा सुरू करून पाहा, असं एका ओळीचं उत्तर आलं. काकांनी ती ओळ माझ्याकडून दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचून घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तीस वर्षांत म्या एकाही कास्तकाराले असं नाई म्हटलं का गाडी घरी ने अन् पुन्हा घिऊन ये."

आल्यागेल्याला पट्टी दाखवल्याशिवाय सोडायचं नाही, हा घरचा रिवाज. काकू पोहे आणीत तोवर काका पाहुण्याला खुर्चीवर बसवून माऊस हातात देत. मीटर वाचायला आलेला माणूसही यातून सुटला नाही. मी एकदा थट्टेत म्हटलं, काका, संगणकावर जगभराच्या बातम्या वाचता येतात, तुम्ही आपले पट्टीतच. सकाळचं वर्तमानपत्रही ते पहिलं पान आत दुमडून वाचत, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या वर्षांत पहिल्या पानावर कुठल्या शेतकऱ्याची काय बातमी असे ते वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. "गावाचं नाव वाचलं का मले त्या गावचा कापूस आठवते," ते म्हणाले, "कोणाचा लांब धाग्याचा, कोणाचा साफ येचलेला. मंग माणूसच पुढे उभा राह्यते. पट्टीत मले दुरुस्त करता येते बाप्पा. तथी काय करू?" मी पुन्हा कधी त्यांची थट्टा केली नाही. निदान त्या विषयावर नाही.

मग मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी काकूंनी डोळ्यांना पदर लावला, काकांनी मला संगणकासमोर बसवलं. एकमेकांना निरोप पाठवायचं खातं मी त्यांना काढून दिलं होतं आणि त्यात ओळखीचा असा मी एकटाच होतो. ते खातं काकांनी पट्टीला जोडून घेतलं होतं. मी माझ्या संगणकावर हजर असलो की पट्टीच्या कोपऱ्यात, घड्याळाला लागून, हिरवा ठिपका पेटणार. "हा तुहा दिवा," ते म्हणाले. "बोलायची गरज नाई. लागला का आमी समजू, पोरगं जागेवर हाये."

पहिले काही महिने दिवा पेटत होता. आणि पेटला की दोन मिनिटांत निरोप येई, "हायेस का?" त्यामागून पट्टीची पूर्ण हकीकत. पण पुण्यातल्या ऑफिसात माझ्या मागे साहेब उभा राही, आणि पडद्यावर अचानक 'पट्टी पुन्हा डोक्यावर बसली' असं उगवे. त्या खात्यात एक सोय होती: आपण हजर असायचं पण कुणाला दिसायचं नाही. एका दुपारी मी ती निवडली. दोनच दिवसांसाठी, असं ठरवून. ते दोन दिवस काही संपले नाहीत.

आठवड्याने काकांचा फोन आला. "तुहा दिवा लागून नाई राह्यला. पट्टीत खोट हाये." त्या क्षणी खरं सांगून टाकलं असतं तर चार शब्दांत मिटलं असतं. पण मी मास्तर माणूस, चूक कबूल करायची सवय नाही. मी म्हटलं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवा. त्यांनी बसवलं. पुढच्या आठवड्यात म्हटलं, नक्षीमुळे होत असेल. त्यांनी नक्षी काढली. मग मराठी आकडे गेले, बोंड गेलं, पऱ्हाटीचा हिरवा गेला. दर रविवारी फोन, दर फोनला माझा एक नवा खोटा उपाय. उपाय ऐकून झाला की ते पुण्यातल्या पाण्याचं, माझ्या जेवणाचं, खोलीत ऊन येतं का याचं विचारत. मी घाईघाईने आटोपतं घेई. असं जवळपास वर्ष गेलं.

मग बडनेऱ्याला एका मित्राचं लग्न निघालं, आणि मी अकोल्याला उतरलो. काकू हरखून स्वयंपाकघरात गेल्या. काका अंघोळीला गेले होते. संगणक सुरू होता आणि पट्टी करडी, उघडीबोडकी, संगणक घरात आला त्या दिवशी असेल तशी. मला बघवेना. शेजारी रजिस्टर होतं, ते उगीच चाळलं. माझ्या दिव्याची खोट लागली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली नोंद, काकांच्या तिरप्या अक्षरात: 'शेजारच्या क्लासातून हिच्या नावाचं खातं उघडलं. हिचा दिवा पट्टीत लागला. पट्टीची प्रत सुपर. खोट आपल्याकडे नाही.'

म्हणजे त्यांनी मधात हात घातला होता. दुसऱ्याच आठवड्यात. मी पान उलटलं. खाली दर रविवारची एकेक ओळ होती. 'फोन झाला. नक्षी काढा म्हणाला. काढली. बारा मिनिटं बोलला.' 'बोंड काढा म्हणाला. काढलं. खोकला वाटला.' 'रंग काढा म्हणाला. काढला. खुशीत होता.' आणि शेवटची, चार दिवसांपूर्वीची: 'आता काढायला काही राहिलं नाही. पुढच्या रविवारी काय विचारावं?'

काका अंगावर टॉवेल घेऊन आले तेव्हा रजिस्टर माझ्या हातात होतं. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं. "जेवून घे," ते म्हणाले, "काकूनं भरीत केलं." जेवताना ते पाऊसपाण्याचं बोलले. पट्टीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मला धीर झाला नाही. मला तेव्हा वाटली तेवढी लाज पुन्हा कधी वाटलेली नाही.

सोमवारी पुण्यात ऑफिसात गेल्यागेल्या मी ती सोय बंद केली. साहेब मागेच उभा होता. राहू दे उभा, मी मनात म्हटलं. दोन मिनिटंही झाली नसतील, पडद्यावर काकांचा निरोप उगवला: "पट्टी सुधरली. म्या काय केलं कोण जाणे. तू आता उपाय सांगू नको, मी तिले पुन्हा हिरवी करून राह्यलो." माझी चूक त्यांनी अशी परस्पर स्वतःच्या पदरात घेतली आणि मला सोडवलं.

पुढे सहा वर्षं तो दिवा रोज लागत होता. आता ते निरोपाचं खातं बंद झालं आहे, ते सॉफ्टवेअर कुठे मिळत नाही, आणि काकाही नाहीत. माझ्या पडद्याच्या तळाची पट्टी जशी आली तशी आहे, साधी, न बिघडणारी. रविवारी सकाळी मी कधीकधी उगाच तिच्यासमोर बसतो. तिच्यात काही खोट निघत नाही, आणि निघाली तरी आता फोन कुणाला करणार?