गाळ खाली बसेपर्यंत

वसंताने ती रेड वाइन गुंतवणूक म्हणून घेतली होती. भाव चांगला चढला, पण विकायची सोडून रविवारी सकाळी त्याने मलाच ती प्यायला बोलावलं. बाटली हातात येताच मी ती सवयीने खोकल्याच्या औषधासारखी खळखळून हलवली.

"अरे गाढवा! इतक्या वर्षांचा तळाशी बसलेला गाळ वर आणलास. कडू लागेल आता!"

"मग?"

"मग काय, बस. तो खाली बसेपर्यंत."

बसलो. जुन्या मैत्रीच्या तळाशीही बरंच काही साचलेलं असतं. ते न ढवळता आम्ही दिवसभर गप्पा मारल्या. संध्याकाळी खिडकीच्या उजेडात वाइन अगदी नितळ दिसली. वसंताने बाटली निरखून पाहिली आणि म्हणाला, "अजून थोडा वेळ बसावं लागेल."