क्रिप्ट म्हणजे कृपा

चर्चच्या किल्ल्या गेली सव्वीस वर्षं ज्यांच्या कमरेला होत्या, त्या राखणदाराला सगळे किल्लीवाले काका म्हणत. स्वस्थ बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. दारं उघड, बाकं पूस, ओघळलेलं मेण सुरीने खरवड, आणि पाहुणे आले की त्यांना अठरा पायऱ्या उतरवून खालच्या दगडी तळघरात ने. तिथे भिंतींतल्या कोनाड्यांत जुने धर्मगुरू पुरलेले होते. त्या जागेला क्रिप्ट म्हणत.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं, "क्रिप्ट म्हणजे काय हो?" काकांना कुठे माहीत! पण "माहीत नाही" हे शब्द त्यांच्या जिभेला कधी वळलेच नव्हते. त्यांनी ठोकून दिलं, "कृपेवरून आलाय शब्द. इथे झोपलेल्यांवर देवाची कृपा, म्हणून क्रिप्ट." ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून तेच चालू.

एका मंगळवारी सकाळी आलेल्या घोळक्यात एक निवृत्त भाषाशिक्षिका होत्या. बाकीचे वर गेल्यावर त्या मागे रेंगाळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका, पण हा शब्द कृपेवरून नाही आलेला. मूळ ग्रीक आहे. क्रिप्टोस म्हणजे लपवलेलं, झाकलेलं. तिथून तो लॅटिनमध्ये गेला, 'क्रिप्टा' झाला, आणि मग चर्चखालच्या खोल्यांना चिकटला. तुमच्या बागेत तो ग्रोटो आहे ना, मूर्ती ठेवलेली गुहा? तो शब्दही याचाच चुलतभाऊ."

काका हसले, "असं होय!" म्हणाले, बाईंना दारापर्यंत सोडून आले. आणि तिथून जी चुळबुळ सुरू झाली, ती काही थांबेना.

जेवताना त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं. बायको म्हणाली, "काय बिघडलंय?"

"क्रिप्ट म्हणजे लपवलेलं."

"म्हणजे तुमचा भाचा सारखं क्रिप्टो क्रिप्टो करतो, तेच?"

"तेच असावं."

"मग बरोबर आहे. त्याचे पैसे कुठे लपलेत ते त्यालाही सापडत नाहीत." ती हसली. काका हसले नाहीत. "अहो, एक शब्द चुकला तर कुणाचं काय गेलं?"

कुणाचं काय गेलं, हेच तर त्यांना टोचत होतं. बारा वर्षांपूर्वी चर्चचा ऑर्गन वाजवणारा ऐन चाळिशीत अचानक गेला. त्याच्या वाजवण्याचा मान म्हणून त्याला खाली कोनाडा द्यायचं ठरलं. त्याच्या बायकोच्या मनात मात्र त्याला आपल्या माहेरी, टेकडीवरच्या उघड्या दफनभूमीत न्यायचं होतं. जागा बघायला आली तेव्हा ती शेवटच्या पायरीवरच थबकली. "इथे अंधारात एकट्याला ठेवू?" तेव्हा काकांनीच तिला समजावलं होतं, "ताई, अंधार नका म्हणू. नावातच कृपा आहे." ती कितीतरी वेळ उभी राहिली आणि मग "ठीक आहे" म्हणाली होती.

त्या "ठीक आहे"नं काकांची झोप उडवली. बुधवारी त्यांनी भलत्याच दाराला भलतीच किल्ली लावली. गुरुवारी घोळक्यासमोर क्रिप्टचा अर्थ सांगायची वेळ आली, तेव्हा खोकल्याचं निमित्त केलं. शनिवारी दुपारी धुवट शर्ट घालून ते ऑर्गनवाल्याच्या बायकोचं घर शोधत निघाले. दोनदा गल्ली चुकले. दोन्ही वेळा वाटलं, बरं झालं, परत फिरावं. फिरले नाहीत.

ती शिवणयंत्रावर पडदे शिवत होती. काकांनी खुर्चीच्या कडेवर बसून एका दमात सगळं सांगून टाकलं. यंत्र थांबलं.

"बारा वर्षांनी हे सांगायला आलात?"

"मलाच मंगळवारी कळलं, ताई."

"तेव्हा माहीत नव्हतं, तर बोललात कशाला?"

 काका आपल्या चपलांकडे बघत राहिले.

"आणि आता का सांगताय? तुम्हाला झोप येईना, म्हणून माझी घालवायला?" ती उठली, पाण्याचा पेला काकांसमोर जरा आपटूनच ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून पाठमोरीच म्हणाली, "खरा अर्थ काय म्हणालात?"

"लपवलेलं."

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. रडते आहे असं वाटून काका अर्धवट उठले. पण ती हसत होती, डोळ्यांत पाणी असलं तरी. "पाहुणे आले की हा माणूस माळ्यावर पळायचा. आमच्या लग्नात तासभर सापडला नव्हता. पडद्याआड बसायला मिळतं म्हणून तर ऑर्गन शिकला." तिने पदराने नाक पुसलं. "त्याला टेकडीवर नेलं असतं, तर चार लोकांच्या नजरेत पडून राहावं लागलं असतं बिचाऱ्याला."

"म्हणजे तुम्ही माफ—"

"ते मी नाही म्हटलेलं," ती वळून म्हणाली. "तुम्ही मला थाप मारली होती. ती नशिबानं बरी लागली, एवढंच. पाणी प्या आणि निघा, मला पडदे द्यायचेत."

सोमवारी काकांनी घोळक्याला खरा अर्थ सांगितला. ग्रीक, लॅटिन, सगळं. कृपेला डोलणाऱ्या माना ग्रीकला डोलल्या नाहीत. एकाने जांभई दिली, दुसऱ्याने मुतारी कुठे आहे ते विचारलं.

पण काकांना आता दुसराच घोर लागला होता. घंटेला तडा वीज पडून गेला, असं ते सांगत. कुणी सांगितलं होतं त्यांना? काचेच्या खिडकीतली निळी बाई राणी होती, हे कुठून आलं? त्यांनी एक वही घेतली आणि सव्वीस वर्षांत आपण काय काय सांगितलं ते आठवून लिहायला बसले. सतरा गोष्टी निघाल्या. अभ्यागतांच्या नोंदवहीत भाषाशिक्षिकेचा पत्ता होताच. बायको म्हणाली, "अहो, जेवून तरी जा." तोवर काका वही काखोटीला मारून जिना उतरलेही होते.