बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

परवा टीव्हीवर कार्बनची माहिती सांगत होते. हिरा, पेन्सिलीतलं शिसं, पोलाद, झाडं, आपलं शरीर… सगळीकडे कार्बन. मला मात्र पिंपरीतली एक थंडीची सकाळ आठवली.

पन्नासच्या दशकाची अखेर. कारखान्याच्या नव्या क्वार्टरमध्ये आम्हाला घर मिळालं होतं… वर सिमेंटचा स्लॅब, खिडक्या एकदम घट्ट. थोरली जन्मून आठवडाही झाला नव्हता. बाळंतपणासाठी चाकणजवळच्या गावाहून सासूबाई आल्या होत्या.

त्यांची माया कडक. बाजेखाली कोळशाची शेगडी, खिडकी बंद, दाराच्या फटीला गोधडी… बाळंतिणीला वारा लागायला नको.

त्या सकाळी माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. अशक्तपणा असेल म्हणून पडून राहिले. मग बाळाला पाजायला घेतलं, तर ती ओढेना. हाक मारली, गालाला हात लावला… डोळेच उघडेना.

मी मॅट्रिक झालेली. शाळेत शिकलेलं लख्ख आठवलं… कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. विषारी, पण ना रंग, ना वास.

बाळाला छातीशी धरून उठले. भिंत धरत धरत बाहेर आले आणि अंगणात उन्हात बसले.

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अगं, ओली बाळंतीण तू. वारं लागंल, चल आत."

"आत्याबाई, आत कोळशाचा विषारी वायू साठलाय. मी आत येणार नाही, बाळही येणार नाही."

सासूशी असं बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. पण माझा आवाज जराही कापला नाही.

"समदी पोरं शेगडीवरच वाढवली मी. कुणाला काय झालं न्हाई," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष बाळाच्या लोंबत्या मानेकडे गेलं. त्या खाली बसल्या आणि तिचे तळवे चोळायला लागल्या.

किती वेळ गेला कोण जाणे… बाळाने आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग जोरात भोकाड पसरलं. आम्ही दोघीही रडलो.

जरा वेळाने सासूबाईंनी वर स्लॅबकडे पाहिलं. "गावाकडं कौलं हायत. फटीतनं समदं भाईर जातं. हितं कुठनं जाईल…"

उठल्या, शेगडी बाहेर आणून ठेवली आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

त्यानंतर क्वार्टरमध्ये कुणाकडेही बाळ जन्मलं की सासूबाई बघायला जायच्या. आधी खिडकी उघडायच्या, मग बाळ मांडीवर घ्यायच्या. कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "आमच्या सुनंनं सांगितलंय. शिकल्याली हाय ती."

हे मला शेजारणींकडून कळायचं. माझ्यासमोर त्या असं कधी बोलल्या नाहीत… पण मला तेवढं आयुष्यभर पुरलं.