पालथा पेला

लातुरात आमच्या शेजारच्या काकांना भूकंपापासून एक सवय लागलीय. घरात एका पेल्यावर दुसरा पालथा रचून ठेवायचा. हादरा बसला की तो खणकन पडतो आणि माणूस बाहेर पळतो. इथवर ठीक. पण हल्ली रोज सकाळी ते आमच्या दारात.

"सर, तुमच्या वायफायची थरथर कानाला ऐकू येत न्हाई, हाडाला कळती. बंद करा त्यो डबा."

लेकीची नीटची सराव परीक्षा त्याच डब्यावर चालते. वैतागून मीही टेबलावर पेले रचले. "हे पडले तर कायमचा बंद करतो, काका!"

दुसऱ्या दिवशी मी दाढी करत असताना पेले पडले. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून मी "भूकंप! भूकंप!" ओरडत गल्लीत. काका मात्र उलटे आमच्या घरात घुसले आणि हेडफोन लावून बसलेल्या लेकीला दंडाला धरून बाहेर घेऊन आले.

मग बघितलं, तर टेबलावर आवाज बंद केलेला माझाच फोन थरथरत होता.

"फोन होता, काका."

"थरथर होतीच ना, सर?"

डबा मी त्यांच्या भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात हलवला. आज सकाळी काका पुन्हा दारात. "अजून जरा सरकवा की!"

मुकाट्यानं सरकवला.