पाय बघणाऱ्या काकू

"पाय बघू," म्हणत काकू समोर यायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि आपण हो-नाही म्हणायच्या आत खाली वाकायच्या. ऐंशीच्या घरातली बाई आपल्या पायांशी वाकलेली पाहून भल्याभल्यांची त्रेधा उडायची. तुम्ही असता तर तुम्हीही पाय खुर्चीखाली ओढून घेतले असते.

कोलकात्यातल्या आम्हा मधुमेही मराठी म्हाताऱ्यांचा गट दर रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये जमतो. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी रेल्वेतून. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. सुरुवातीला एक बंगाली नर्सदीदी यायची. साखर कशी तपासायची, गोळी कधी घ्यायची, पाय कसे जपायचे, सगळं तिनं शिकवलं. आम्ही माना डोलावल्या आणि बाहेर पडून मिठाईवाल्याकडे संदेश खाल्ले. काकूंनी मात्र मनावर घेतलं. दीदीची बदली झाल्यावर गट त्यांनीच चालवला. एकादशीला साबुदाण्याची खिचडी हाणून "आज माझा उपास" म्हणणाऱ्याला त्या म्हणत, "उपास तुमचा, साखरेची मात्र दिवाळी."

गटात रेल्वेचे एक साहेब होते. गार्डन रीचला एकटे राहायचे. कडक आणि भारी देवभक्त. हॉलबाहेर बूट काढायचे, पण मोजे काही केल्या काढायचे नाहीत. "तुम्ही वडीलधाऱ्या. तुमचा हात माझ्या पायाला लागला तर मला पाप लागेल." काकू निमूट पुढच्या खुर्चीकडे वळायच्या.

नातू आजारी पडला तेव्हा साहेबांनी नवस केला आणि तो बरा झाल्यावर कालीघाटला अनवाणी चालत गेले. पुढच्या रविवारी त्यांचं एक पाऊल तिरकं पडत होतं.

"काही दुखत नाही हो," ते म्हणाले.

"दुखत नाही, त्याचीच भीती वाटते." काकूंनी आतून पाट आणून त्यांच्यापुढे मांडला. "लग्नात सासू-सासरे जावयाचे पाय धुतात, तेव्हा कुठे पाप लागतं? मी तुमची सासू. ठेवा पाय."

सगळा हॉल हसला. साहेबही ओशाळून हसले आणि त्यांनी मोजा उतरवला. मग कुणी हसलं नाही. करंगळीखाली काच रुतली होती, भोवती काळंनिळं झालं होतं आणि त्या माणसाला पत्ताच नव्हता.

पाय राहील की जाईल, डॉक्टर सांगेनात. साहेब खचले, ड्रेसिंगलाही जाईनात. मग काकूच दिवसाआड ऑटोनं गार्डन रीच गाठायच्या. "चला, जावईबापू," अशी दारातूनच हाक. करंगळी गेली, पाय वाचला. त्या दिवसापासून काकूंचा हुकूम होता: अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. साहेब देवळाबाहेरूनच हात जोडू लागले. मंडळाच्या हॉलमध्ये त्यांच्यापुरती बुटांना परवानगी मिळाली. मला त्या दोघांचं फार कौतुक वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. हृदयानं दगा दिला. स्मशानात शववाहिनीतून तिरडी उतरवली तेव्हा खांदा द्यायला सगळे चपला काढून उभे राहिले. साहेब बूट घालूनच पुढे आले. पुण्याहून आलेला काकूंचा मुलगा हळूच म्हणाला, "काका, बूट तेवढे काढता का?"

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नाही रे बाबा," ते म्हणाले, "त्या रागावतील."

मुलगा बाजूला झाला आणि साहेबांनी बुटांसकट खांदा दिला.